लष्करी अळीच्या पेशीत बनणारी फ्लूची लस

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, इअरफोन नीट लावा. आज विषय स्वाइन फ्लूचा आहे, आणि त्यात मक्यावरची लष्करी अळीपण येणार आहे. कशी, ते सांगतो.

ऑगस्ट २००९. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत असतील. पुण्यात चौदा वर्षांची एक मुलगी स्वाइन फ्लूने गेली. भारतात नोंदवलेला तो पहिला मृत्यू. मग शाळा बंद, मॉल बंद, थिएटर बंद, आणि मास्क मिळेना म्हणून लोक तोंडाला रुमाल बांधून फिरतायत.

आता बघा, हा विषाणू एप्रिलमध्येच ओळखला गेला होता. पण भारतात बनलेली लस बाजारात आली २०१० च्या मध्यावर. तोवर पहिली लाट येऊन गेली होती.

उशिराची कारणं अनेक असतात, पण जगभरात एक मोठं कारण होतं कोंबडीचं अंडं. हो, अंडं! फ्लूची बहुतेक लस आजही अंड्यात विषाणू वाढवून बनते. लाखो डोस हवेत, तर लाखो अंडी हवीत. त्यात २००९ चा विषाणू सुरुवातीला अंड्यात नीट वाढेचना. शिवाय अंड्यात रुळताना विषाणू कधीकधी थोडा बदलतो. म्हणजे लस एका रूपाची आणि साथ दुसऱ्याच रूपाची, असंही होऊ शकतं.

मग दुसरा रस्ता काय? विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. आपल्या पेशीत शिरायची ती त्याची किल्ली. आपल्या शरीराला ही किल्ली ओळखता आली, तरी बरंच काम होतं. अख्खा विषाणू लागतच नाही.

म्हणून शास्त्रज्ञ त्या प्रथिनाचं फक्त जनुक घेतात. ते बॅक्युलोव्हायरस नावाच्या, किड्यांना होणाऱ्या विषाणूत बसवतात आणि तो कीटकाच्या पेशींमध्ये सोडतात. या पेशी मुळात कुणाच्या? अमेरिकन लष्करी अळीच्या! २०१८ पासून आपल्याकडचा मका फस्त करणारी तीच. मोठ्या टाक्यांमध्ये या पेशी ते प्रथिन बनवतात, मग ते शुद्ध करून लसीत वापरतात. यालाच रिकॉम्बिनंट लस म्हणतात. अंडं नाही, जिवंत फ्लूचा विषाणू नाही. जनुकाचा क्रम कळला की काम सुरू.

अशी पहिली फ्लू लस अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झाली. तिच्यात प्रत्येक प्रकाराचं ४५ मायक्रोग्रॅम प्रथिन असतं, नेहमीच्या लसीत १५. पन्नाशीपुढच्या लोकांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत, अंड्यातल्या लसीपेक्षा या लसीच्या गटात फ्लू सुमारे ३० टक्के कमी दिसला.

पण ही जादू नाही हं. किल्ली दरवर्षी थोडी बदलते, त्यामुळे लसही बदलावी लागते. आणि यंदा कुठला प्रकार येणार, हा अंदाज चुकला तर पद्धत कुठलीही असो, फटका बसतोच.

तरी मला ही पद्धत महत्त्वाची वाटते ती वेळेसाठी. साथीत दोन महिने लवकर आलेली लस म्हणजे किती घरं वाचली, याचा विचार करा. २००९ चा तो विषाणू गेलेला नाही, दर हंगामात फिरतोच आहे. घरात आजी-आजोबा असतील, कुणी गरोदर असेल, तर फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!