पेन्शनचा संप आणि दाराबाहेर उभी असलेली आपली पोरं

भाकऱ्या उरकून रेडिओ लावला असेल, तर हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आज आम्ही आमच्या बचत गटातल्या एका भांडणाची गोष्ट सांगणार आहोत. भांडण झालं पेन्शनवरून. आणि गंमत अशी, की आमच्या गटात सरकारी पेन्शन एकीलाही नाही!

झालं असं. मागच्या बैठकीत एका ताईंनी मुलासाठी कर्ज मागितलं. मुलगा तालुक्याला राहून सरकारी भरतीचा अभ्यास करतो. अभ्यासिकेची फी, खोलीचं भाडं, मेस, परीक्षेची फी, सगळं मिळून त्या बेजार झाल्या होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आत बसलेल्यांना पेन्शन पाहिजे म्हणून संप करायचा, आणि आमच्या पोरांना नोकरीच नाही." समोर बसलेल्या ताईंची लेक सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. त्या एकदम उठल्या. "माझी लेक रात्रपाळ्या करते. तिनं म्हातारपणी कुणापुढं हात पसरायचा?" तिसऱ्या ताईंनी जुनं दुखणं काढलं. 2023 च्या मार्चमध्ये, ऐन संपात, त्यांच्या सुनेचे दिवस भरले होते. सरकारी दवाखान्यात सिस्टर नाहीत म्हणून खाजगीत न्यावं लागलं. त्या बाळंतपणासाठी गटातून काढलेलं कर्ज फेडायला त्यांना वर्ष गेलं.

बैठक तिथंच मोडली. दोघी मैत्रिणी पंधरा दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. तेव्हा आम्ही ठरवलं, की हे पेन्शनचं प्रकरण आहे तरी काय, ते नीट समजून घ्यायचं.

आधी तो संप आठवू या. 14 मार्च 2023 ला राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले. शिक्षक, सिस्टर, तलाठी, ग्रामसेवक, सगळे. "एकच मिशन, जुनी पेन्शन" ही घोषणा तेव्हा गावोगावी ऐकू येत होती. दहावीची परीक्षा चालू होती. त्याच दिवसांत अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली आणि पंचनामे रखडले. सात दिवसांनी, 20 मार्चला, संप मागे घेतला गेला.

मागणी काय होती? राज्यात 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी जे नोकरीला लागले, त्यांना जुनी पेन्शन आहे. निवृत्त झाल्यावर शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम आणि वर महागाई भत्ता. त्यासाठी त्यांच्या पगारातून पैसे कापले जात नाहीत. जे त्या तारखेनंतर लागले, त्यांना नवी योजना. दरमहा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 50,000 रुपये होत असतील, तर त्यातले 10 टक्के, म्हणजे 5,000, कापले जातात. सरकार 14 टक्के, म्हणजे 7,000, घालतं. हे पैसे बाजारात गुंतवले जातात. निवृत्तीच्या वेळी जेवढे साठले असतील, त्यावर पेन्शन ठरते. किती मिळेल, हे आधी कुणी सांगू शकत नाही.

आता आमच्या सिस्टर ताईंची लेक 2012 ला लागली. तिच्याच वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर 2003 च्या. काम एक, गणवेश एक, म्हातारपण मात्र दोन तऱ्हेचं. म्हणजे संपात जे उतरले, त्यांत बरेचसे तरुणच होते. आम्हाला हे माहीत नव्हतं. आम्ही समजत होतो, पिकल्या केसांचेच लोक पेन्शन मागतात.

त्या संपानंतर काय पदरात पडलं? नव्या योजनेतला कर्मचारी नोकरीत असताना वारला, तर त्याच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याचा निर्णय त्याच महिन्याच्या शेवटी झाला. ऐन वयात कुंकू पुसलेल्या बाईला या निर्णयाचं मोल विचारा. पुढे ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रानं युनिफाइड पेन्शन योजना आणली आणि आपल्या राज्यानंही ती स्वीकारली. तिच्यात 25 वर्षं नोकरी केलेल्याला मूळ पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी आहे, पण पगारातली कपात चालूच राहते.

मग अभ्यास करणाऱ्या पोराच्या आईचं चुकलं का? अजिबात नाही. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. फी होती खुल्या गटाला 1,000 रुपये आणि राखीव गटाला 900. त्याच वर्षी सरकारनं बाहेरच्या एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. तरुण रस्त्यावर आले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. त्या मार्चच्या संपात कोल्हापुरात बेरोजगार पोरांनी संपाच्या विरोधात मोर्चा काढला होता. आम्ही निम्म्या पगारावर काम करायला तयार आहोत, असं ती पोरं म्हणत होती. मैत्रिणींनो, आपलं शिकलेलं पोर स्वतःची किंमत निम्मी करून मागतं, तेव्हा आईच्या पोटात काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

पैशाचा प्रश्नही खरा आहे. जुनी पेन्शन सरकारी तिजोरीतून जाते. तिजोरी कराची. साबणाच्या वडीवर, मोबाइलच्या रिचार्जवर तुम्ही आम्हीही कर भरतो. पेन्शनचा खर्च वाढला की सरकार हात आखडतं, आणि पहिली कात्री लागते ती नव्या भरतीला. रिकामी जागा रिकामीच राहते, नाहीतर कंत्राटावर भरली जाते. कंत्राटी पोराला ना जुनी पेन्शन ना नवी.

आणि आपल्या अंगणवाडीच्या ताई? 2023 मध्ये सेविकेचं मानधन 10,000 झालं, मदतनीसाचं 5,500. त्यांनीही त्या डिसेंबरपासून पन्नासहून जास्त दिवस संप केला. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी याही त्यांच्या मागण्या होत्या. त्यांच्या संपाची चर्चा मात्र किती झाली?

हे सगळं वहीत मांडल्यावर आम्हाला एक गोष्ट कळली. आमच्या दोघी ताई भांडत होत्या, पण दोघींचं मागणं एकच होतं. एकीला लेकीचं म्हातारपण सुखाचं हवं, दुसरीला लेकाला कामाचा हक्क हवा. लेकीची पेन्शन काढून घेतली म्हणून लेकाला नोकरी लागेल, असं कुणी लिहून दिलेलं नाही. तेव्हा यापुढं पेन्शनच्या संपाला पाठिंबा मागायला कुणी आलं, तर आम्ही विचारणार आहोत: तुमच्या मागण्यांत रिकाम्या जागा भरण्याची मागणी आहे का? कंत्राटी पोरांचं आणि अंगणवाडीच्या ताईंचं नाव आहे का? आणि संपात बाळंतिणीची, तातडीच्या रुग्णांची सोय कोण बघणार? पोटातलं लेकरू संप मिटायची वाट बघत नाही.

आपल्या हातात जे आहे, तेही करू या. 65 च्या पुढच्या गरीब आयाबायांना श्रावणबाळ योजनेचे दरमहा 1,500 मिळतात. कागद राहिले असतील तर पुरे करा. सुना-लेकी 18 ते 40 वयाच्या असतील आणि आयकर भरत नसतील, तर बँकेत किंवा पोस्टात अटल पेन्शनची चौकशी करा. साठीनंतर दरमहा 5,000 हवे असतील, तर अठराव्या वर्षी सुरू केल्यास महिन्याला 210 भरावे लागतात, तिसाव्या वर्षी 577. उशीर तेवढा महाग. एवढ्यात म्हातारपण निघत नाही, हे आम्हाला कळतं. पण अगदीच रिकाम्या हातापेक्षा बरं.

आमच्या गटानं त्या मुलाच्या अभ्यासाचं कर्ज मंजूर केलं. जामीन कोण राहिलं माहीत आहे? सिस्टर ताईंनीच अंगठा पुढं केला. बाळंतपणाचं कर्ज फेडलेल्या ताई मात्र अजून म्हणतात, "मला संप पटत नाही." त्यांचंही ऐकून घेतलं. गट मोडला नाही, हे महत्त्वाचं.

तुमच्या गटात काय बोलणं झालं, ते आम्हाला जरूर कळवा. येतो आम्ही. नमस्कार.