आठ पेन्सांची शिल्लक

(युवकांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याची हयात गेली त्याने कोवळ्या वयातील प्रेमाच्या कथांवर बोलावे, ही संयोजकांची सूचना मला प्रथम थट्टेची वाटली. परंतु ज्या कथेविषयी मी बोलणार आहे तिच्यात हिशेब इतका ठासून भरलेला आहे की, तेथे माझ्यासारख्याचाही थोडा अधिकार पोहोचतो असे मी धरून चालतो.

जेम्स जॉईस या आयरिश लेखकाची 'ॲरबी' ही कथा १९०५ साली लिहिली गेली. प्रकाशकांच्या धरसोडीमुळे ती ज्या संग्रहात आहे तो 'डब्लिनर्स' १९१४ साली प्रसिद्ध झाला. डब्लिनमधील एका बंद गल्लीत काका-काकूंकडे राहणारा एक शाळकरी मुलगा मित्राच्या बहिणीवर मनोमन जीव टाकतो. खिडकीचा पडदा इंचभर फट राहील एवढा ओढून, जमिनीवर पालथा पडून तो तिच्या दाराकडे पाहत राहतो. शनिवारी काकूबरोबर बाजारात सामान वाहतानाही, दारुड्यांच्या आणि घासाघीस करणाऱ्या बायकांच्या गर्दीतून आपण एखादे पवित्र पात्र जपून नेत आहोत, असे त्याला वाटते. एके दिवशी ती आपण होऊन विचारते, ॲरबीच्या जत्रेला तू जाणार का? तिला स्वतःला जाण्याची हौस आहे. पण त्याच आठवड्यात तिच्या कॉन्व्हेंटमध्ये धार्मिक एकांतवास आहे. मुलगा म्हणतो, मी गेलोच तर तुझ्यासाठी काहीतरी आणीन.

येथून पुढे ही कथा पैशांची आहे. शनिवारी रात्री नऊ वाजता, बहुधा पिऊन, काका घरी येतात. जत्रेचे ते साफ विसरलेले असतात. मुलाच्या हाती एक फ्लोरिन पडते, म्हणजे दोन शिलिंग, चोवीस पेन्स. आगगाडी रखडत पोहोचते तेव्हा दहाला दहा मिनिटे कमी असतात. सहा पेन्सांचे प्रवेशद्वार त्याला सापडत नाही आणि जत्रा बंद होईल या धास्तीने तो एक शिलिंग देऊन आत शिरतो. अखेरीस खिशात त्याच्या बोटांना लागतात दोन पेनी आणि सहा पेन्सांचे एक नाणे. शिल्लक आठ. उरलेले चार पेन्स गाडीभाड्यात गेले असावेत. उशीर झाला नसता तर ही शिल्लक चौदा पेन्स झाली असती. अर्थात दुकानात मांडलेल्या चिनी मातीच्या फुलदाण्या आणि नक्षीदार चहाचे संच तेवढ्यातही आले असते की नाही, याची मला शंका आहे. दुकानातील तरुणी दोन इंग्रजी ढंगाने बोलणाऱ्या तरुणांशी थट्टामस्करीत गुंतलेली आहे. मुलाला ती निव्वळ कर्तव्य म्हणून काय हवे ते विचारते. दिवे मालवू लागतात आणि मुलगा दोष देतो तो स्वतःच्या पोकळ अहंकाराला.

महाविद्यालयात असताना मी त्याचे म्हणणे खरे मानले होते. पोराने स्वप्न फार मोठे पाहिले, ते मोडले. वयच तसे, असे म्हणून मोकळा झालो. आज तसे म्हणवत नाही. ॲरबी नावाची जत्रा डब्लिनमध्ये १८९४ च्या मे महिन्यात खरोखरच भरली होती, एका रुग्णालयाच्या मदतीसाठी आणि पौर्वात्य वैभवाची जाहिरात करीत. स्वतः परक्या साम्राज्याखाली राहणाऱ्या शहराला पूर्वेचे स्वप्न तिकीट लावून विकले जात होते. शाळकरी पोराने त्या नावावर विश्वास ठेवला, हा अवास्तव अपेक्षेचा गुन्हा एकट्या त्याच्या नावावर कसा मांडायचा?

काकांविषयीही मी पूर्वी कठोर होतो. पुढे एका संध्याकाळी माझ्या मुलाने स्नेहसंमेलनासाठी पैसे मागून ठेवले होते, आणि मी एका परिसंवादात (विषय ग्राहकाच्या वर्तनाचा असावा!) बोलत बसलो. घरी पोहोचलो तेव्हा तो नवे कपडे घालून ओट्यावर बसला होता. मी पैसे पुढे केले. त्याने ते घेतले नाहीत. कोणासाठी काय घ्यायचे होते, हे मी विचारले नाही.

जॉन अपडाइक या अमेरिकन लेखकाच्या १९६१ सालच्या 'ए अँड पी' या कथेतही हेच घडते. पोहण्याच्या पोशाखात आलेल्या मुलींचा व्यवस्थापकाने अपमान केला म्हणून दुकानातील गल्ल्यावरचा एकोणीस वर्षांचा पोरगा नोकरी सोडतो. बाहेर येतो तो मुली केव्हाच निघून गेलेल्या. तेथेही हिशेब चुकता होतो तो त्याचाच.

आणि म्हणून मला आता त्या मुलीचा विचार सुटत नाही. जत्रेची ओढ मुळात तिची होती. मुलाने ती तिच्याकडून घेतली. कथा तिला नावही देत नाही, ती केवळ मँगनची बहीण आहे. बोलताना ती मनगटातील चांदीचे कडे फिरवीत राहते आणि तुझे बरे आहे, अशा अर्थाचे काहीसे म्हणते. भ्रमनिरास व्हायलासुद्धा हातात फ्लोरिन आणि रात्री घराबाहेर पडण्याची मुभा लागते. तिला दोन्ही नव्हते. मुलगा रिकाम्या हातांनी परतल्यावर तिने काय विचारले, आणि तिने त्याची वाट पाहिली होती का, हे जॉईसने लिहिलेले नाही. एकांतवास आटोपून ती कॉन्व्हेंटमधून घरी आली असेल आणि ॲरबी तिच्या मनात तशीच झगमगत राहिली असेल.