मृतसाठ्याला हात लावू नका



शहापूर तालुक्यातल्या माणसाला धरणाची भाषा शिकवावी लागत नाही. भातसा, तानसा, वैतरणा ही नावं इथली मुलं बोलायला लागल्यापासून ऐकत असतात. धरणात उपयुक्त साठा वेगळा आणि मृतसाठा वेगळा, हे दर उन्हाळ्यात पेपरात छापून येतं. आज मला बोलायचं आहे ते आपल्या घरातल्या छोट्या धरणांबद्दल, म्हणजे पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांबद्दल. त्यांनाही मृतसाठा असतो. फरक एवढाच, की धरणाचा मृतसाठा उपसला तरी पुढच्या पावसात ते भरतं. बॅटरीचा उपसला, तर ती पुन्हा पहिल्यासारखी भरेलच असं नाही.

खर्डी आणि कसारा यांच्या मधल्या उंबरमाळीसारख्या गावात, एखाद्या घरात बॅटऱ्या किती निघतात ते मोजून पाहा. मोबाईल तर आहेच. शिवाय रात्री खाचरावर जायला किंवा खेकडे धरायला डोक्याला बांधायची विजेरी, भाजीवर औषध मारायचा पाठीवरचा पंप, आणि जत्रेतून आणलेली पोराची रिमोटवरची गाडी. ही गाडी आपण खेळणं समजतो. पण तिचे खरे शौकीन शहरात आहेत, आणि ते बॅटरी जेवढी जपतात तेवढी आपण पंपाचीही जपत नाही. गाडी पळवण्याआधी बॅटरी मोजायची, पळवून झाल्यावर मोजायची, वहीत टिपायचं, ही त्यांची शिस्त आहे. ती आपण उचलण्यासारखी आहे.

हा छंद तसा जुना. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये बिनतारी संदेशावर चालणारी छोटी नाव लोकांना दाखवली, तीसुद्धा बॅटरीवरच चालत होती. शिशाची बॅटरी त्याच्याही आधीची. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी ती १८५९ साली तयार केली. लिथियमची बॅटरी बाजारात आली १९९१ साली, आणि ती घडवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे घरातल्या बॅटऱ्या दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांच्या जाती वेगळ्या आहेत. जात वेगळी, तर सेवाही वेगळी.

आधी पंपाची, म्हणजे शिशाची बॅटरी घेऊ. पंपात बहुधा १२ व्होल्टची बॅटरी असते. पूर्ण भरून काही तास स्वस्थ ठेवली, की मीटर १२.७ च्या आसपास दाखवतो. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. ११.९ च्या खाली गेली, की ती रिकामीच समजा. पंप चालू असताना १०.५ हा तिचा मृतसाठा. म्हणून पंपाचा आवाज बसला, फवारा मंदावला, की 'एवढी एक ओळ उरकू' म्हणू नका. तिथेच थांबा.

या बॅटरीला भरलेलं राहणं आवडतं. दिवाळीनंतर पंप कोपऱ्यात जातो तो थेट जूनमध्ये निघतो. या सहा-सात महिन्यांत बॅटरी आपोआप उतरत जाते, आतल्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो, आणि ऐन फवारणीच्या दिवशी ती चार्ज घेत नाही. दुकानदाराला दोष देण्याआधी हे लक्षात घ्या. दर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा पूर्ण चार्ज केली, तर हे टळतं.

लिथियमचं याच्या उलट आहे. तिचा एक कप्पा, म्हणजे एक सेल, पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. ३ च्या खाली नेला की तो बिघडतो, आणि तसा बिघडलेला सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं असतं. बरेच दिवस वापरायची नसेल, तर ही बॅटरी साधारण निम्मी भरून, सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास, थंड जागी ठेवावी. पूर्ण भरून पत्र्याखालच्या उष्ण माळ्यावर टाकली, तर ती लवकर म्हातारी होते.

रिमोटच्या गाडीत असे दोन सेल जोडीने असतात. मीटरवर एकूण ७.४ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. एक सेल ४.० आणि दुसरा ३.४ असला, तरी बेरीज ७.४ च येते. जोडीतला एक बैल अडला, की जू वाकडं होतं, तसंच हे. म्हणून शौकीन लोक प्रत्येक सेल वेगळा मोजतात, आणि दोन्ही सारखे भरणारा चार्जर वापरतात.

काहींना सवय असते, बॅटरी पूर्ण उतरवायची आणि मगच चार्जला लावायची. ही सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली आहे. शिशाच्या आणि लिथियमच्या बॅटरीला ती मारक ठरते.

सगळ्यात मोठा धोका चार्जरच्या अदलाबदलीचा. पिन बसते म्हणून पंपाचा चार्जर लिथियमला लावला जातो. शिशाचा चार्जर १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. तीन सेलच्या लिथियम बॅटरीची कमाल मर्यादा १२.६. म्हणजे एकेका सेलवर ४.८ व्होल्ट पडू शकतात. बॅटरी फुगते, पेट घेऊ शकते, आणि तिचा धूर विषारी असतो. म्हणून लिथियमची बॅटरी आपण जागे असताना, फरशीवर, पेंढा आणि अंथरुणापासून दूर चार्ज करा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्जला लावू नका. धूर दिसला, तर आधी मुलांना बाहेर काढा. मेन स्विच जवळ असेल तर बंद करा आणि ११२ ला फोन लावा.

मेलेली शिशाची बॅटरी घरी फोडू नका. जाळ्याला शिसं हवं म्हणून चुलीवर ते वितळवणं तर नकोच. शिशाचा अंश मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतो, आणि आम्ल ओढ्यात गेलं तर ते गुरं पितात त्या पाण्यात जातं. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्या.

म्हशाच्या जत्रेत बैल घेणारा माणूस दात बघितल्याशिवाय पैसे काढत नाही. बॅटरीचे दात बघायला मल्टिमीटर लागतो, आणि साधा मीटर पंपाच्या नव्या बॅटरीपेक्षा स्वस्तात मिळतो. वाडीत एक असला, तरी सगळ्यांना पुरतो. बटण डीसी २० व्होल्टवर ठेवायचं, लाल तार अधिक टोकाला, काळी उणे टोकाला. शाळकरी मुलालाही हे जमतं. रिमोटची गाडी ज्याची, त्यालाच हे काम द्या. बॅटरीवर चिकटपट्टी लावून तारीख आणि आकडा लिहायला सांगा. आकडा महिन्यागणिक लवकर खाली येऊ लागला, की नव्या बॅटरीची सोय हंगामाआधीच करता येते. पावसात वीज गेलेल्या रात्री बांधावरून चालताना विजेरी मधेच विझली, तर पुढचं पाऊल मण्यारीवर पडतं की घोणशीवर, हे कळत नाही. ते पाऊल उजेडात पडावं, म्हणून हा आकडा लिहायचा.