न धडाडलेल्या तोफा

फ्रेंच पॉलिनीशियांतील बोराबोरा हें ज्वालामुखीनें घडविलेलें चिमुकलें बेट. त्याचें ओतेमानू शिखर अवघें ७२७ मीटर उंच. वाटाड्या प्रवाशांना दणकट मोटारींतून खडकाळ, निसरड्या वाटेनें डोंगरावर नेतो. चढ संपतो तेथें दिसतात गंजलेल्या तोफा!

१९४२ सालीं अमेरिकेनें ऑस्ट्रेलियाच्या सागरी मार्गावरील जहाजांस इंधन पुरविण्यासाठीं येथें तळ उभारला आणि त्याच्या रक्षणार्थ सात इंची आठ तोफा डोंगरांवर चढविल्या. शत्रु आलाच नाहीं. तोफा युद्धांत एकदांहि धडाडल्या नाहींत.

पॅसिफिकमधील सर्वच बेटांना हें भाग्य लाभलें नाहीं. १९४३ सालीं तरावाच्या किनाऱ्यावर रक्ताचे पाट वाहिले. बोराबोराच्या तोफांपाशीं उभा राहून प्रवासी मात्र प्रवाळभिंतीवर फुटणाऱ्या शुभ्र लाटा निवांतपणें पाहत असतो.