निरोप घरापर्यंत पोहोचावा



गावात दवंडी पिटली जाई तेव्हा ती कोणाच्या कानी पडली आणि कोणाच्या नाही, हे चावडीवर सहज कळत असे. आज शाळेची सूचना व्हॉट्सॲपवरून क्षणार्धात शेकडो घरी जाते. परंतु ती किती पालकांना समजली याची विचारपूस क्वचितच होते. मार्च 2020 मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ही उणीव प्रकर्षाने जाणवली. अनेक घरांत एकच फोन होता आणि तो कामावर गेलेल्या वडिलांच्या खिशात होता. कोठे रिचार्ज संपले होते, कोठे क्रमांकच बदलला होता.

या प्रश्नाचे गांभीर्य बीड जिल्ह्याच्या उदाहरणावरून ध्यानी येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास तेथील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुलांनी गावीच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण तिची माहिती मुकादमाची गाडी गावातून निघण्यापूर्वी आईवडिलांना मिळाली नाही, तर मूल त्यांच्याबरोबर फडावर जाते आणि त्याचे वर्ष वाया जाण्याचा धोका असतो.

अशा वेळी ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सुरुवात असलेले परिपत्रक जसेच्या तसे गटावर टाकून कार्यभाग साधत नाही. ओळखीच्या गुरुजींच्या किंवा बाईंच्या आवाजातील, बोलीभाषेतील एक मिनिटाचा ध्वनिसंदेश अक्षरओळख नसलेल्या आईलाही कळतो. सोय कोणती, नाव कोठे व केव्हापर्यंत नोंदवावयाचे, कोणाला भेटावयाचे, एवढे त्यात असले म्हणजे पुरे.

त्यासाठी पूर्वतयारी हवी. जूनमध्ये आणि पुन्हा दसऱ्यापूर्वी पालकांचे क्रमांक तपासावेत. वडिलांबरोबर आईचा, तसेच गावी राहणाऱ्या आजीआजोबांचा किंवा शेजाऱ्यांचा क्रमांकही नोंदवावा. उत्तर न आलेल्या पालकांना प्रत्यक्ष फोन करावा. फोन नसलेल्या घरी ग्रामपंचायत सदस्य व अंगणवाडी सेविका यांच्या मदतीने निरोप द्यावा. पालकांना उलट विचारता यावे म्हणून सायंकाळची एखादी वेळ ठरवून द्यावी. जिल्हा व तालुका कार्यालयांनीही दिवसभर सूचनांचा भडिमार न करता तातडी नसलेल्या सूचना केंद्रप्रमुखांमार्फत आठवड्यातून एकदा एकत्र पाठवाव्यात. अन्यथा महत्त्वाची सूचना शुभेच्छांच्या गर्दीत हरवते.

मुलांचे गुण, आधार क्रमांक वा जातीचे दाखले सामाईक गटावर कदापि येऊ नयेत. मुलाची उणीव साऱ्या गावासमोर मांडली गेली, तर पालक शाळेपासून दुरावतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीला विशेष संरक्षण दिले आहे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीतील निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. कोणत्या घरी निरोप गेला नाही, हे या मातांइतके अचूक कोण सांगू शकेल? दर महिन्याच्या सभेत त्या घरांची यादी वाचली जावी. पाठविलेल्या संदेशांच्या संख्येवरून शाळेचे यश मोजता येणार नाही. दसऱ्यानंतर वर्गात किती मुले बसली आहेत, यावरूनच ते ठरेल.