फॉरमॅट मारण्याआधी

घरचा कॉम्प्युटर वारंवार बंद पडायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: "फॉरमॅट मारून टाका." आज मला या सल्ल्याविरुद्ध बोलायचं आहे. मशीन तापून बंद पडत असेल, तर विंडोज नव्यानं टाकल्यावरही ते तापणारच. मधल्या मध्ये घरातले फोटो आणि हिशेबाच्या फाइली मात्र जातात. म्हणून मशीन चालू होतंय तोवर आधी सगळा महत्त्वाचा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

मग एक वही घ्या आणि मशीन केव्हा, काय करताना आणि कसं बंद पडलं, ते दर वेळी लिहा. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केल्यावर वीस मिनिटांनी बंद पडत असेल, तर पहिला संशय उष्णतेवर घ्यावा, दुसरा एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. रिकामं असतानाही कधी निळा स्क्रीन, कधी नुसतं हँग, आणि निळ्या स्क्रीनवरचा संदेश दर वेळी वेगळा, असं असेल तर रॅम तपासा.

उष्णतेचं जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या धुळीत आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हे फार घडतं. वायर काढून कॅबिनेट उघडलं, की प्रोसेसरवरचा पंखा वरून स्वच्छ वाटतो. पण पंख्याखाली, हीटसिंकच्या पातळ पट्ट्यांवर धुळीचा थर नमद्यासारखा दाटून बसलेला असतो. हवा त्यातून जातच नाही. प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी तापमान उतरलं नाही तर जळू नये म्हणून मशीन बंद करतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. थर्मल पेस्ट वाळून तडकली असेल तर ती पुसून नवी लावा.

रॅमसाठी विंडोजमध्येच मेमरी डायग्नॉस्टिक आहे. रात्री लावून ठेवा. दोन स्टिक असतील तर एकेक लावून चालवून बघा.

एसएमपीएस मात्र घरी उघडू नका. वायर काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये विजेचा भार राहतो. दुसरा चांगला एसएमपीएस जोडून बघणं हीच खरी परीक्षा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसली की अनेकजण तिलाच रोगाचं नाव समजतात. ती नोंद एवढंच सांगते, की मशीन नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झालं. कारण तिच्या आधीच्या नोंदींत शोधावं लागतं. रिलायबिलिटी मॉनिटर त्याहून सोपा: बिघाड आणि नव्यानं बसलेलं अपडेट किंवा ड्रायव्हर तिथे तारखेवार शेजारी दिसतात. त्रास एखाद्या ड्रायव्हरनंतर सुरू झाला असेल, तर आधी तो मागे घ्या.

आणि एका वेळी एकच बदल करा. धूळ काढली, रॅम बदलली, ड्रायव्हरही टाकला आणि मशीन सुधारलं, तर दोष कशात होता हे कळायला मार्ग उरत नाही. न लागणाऱ्या भागाचे पैसेही जातात.

एवढं करून दुकानात जायची वेळ आलीच, तर वही सोबत न्या. आणि कोणी फॉरमॅट सुचवला, तर रॅमच्या चाचणीचा निकाल आणि प्रोसेसरचं तापमान आधी दाखवायला सांगा.