कंपाआधी मंदता ओळखा
(ज्येष्ठ नागरिक व सेवानिवृत्त कर्मचारी यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



११ एप्रिल हा दिवस जगभर पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. १७५५ साली याच दिवशी जन्मलेल्या जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ मध्ये या विकारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात सहा रुग्णांचे वर्णन आहे आणि त्यांपैकी काहीजण तर त्यांना रस्त्यातच दिसले होते. चालणे, वाकणे, हाताची थरथर हे सारे त्यांनी केवळ लक्षपूर्वक पाहून टिपले. घरातील माणसांकडे असेच पाहावे, एवढीच विनंती मी आज करणार आहे.

पार्किन्सन म्हणजे हात थरथरणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. कित्येक रुग्णांत आरंभी कंप नसतो. काहींत तो कधीच येत नाही. उलट, कप उचलताना हात कापणाऱ्या प्रत्येकाला हा विकार असतो असेही नाही. या विकारातील कंप बहुधा हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना दिसतो. मुख्य लक्षण आहे ते हालचालींची मंदता.

मेंदूच्या मध्यभागी गडद रंगाच्या पेशींचा एक लहान पुंजका असतो. तेथे डोपामिन नावाचे द्रव्य तयार होते आणि त्याच्या योगाने आपल्या हालचाली सहज व सफाईदार होतात. या पेशी हळूहळू नष्ट होऊ लागतात. लक्षणे स्पष्ट दिसेपर्यंत त्यांचा बराच मोठा भाग गेलेला असतो.

घरात हे कसे दिसते? सदऱ्याची गुंडी लावायला वेळ लागतो. चालताना एक हात हलत नाही. अक्षर ओळीगणिक बारीक होत जाते. आवाज खाली येतो, चेहऱ्यावरचे भाव मावळतात. त्याही आधी कित्येक वर्षे वास कमी येणे, बद्धकोष्ठता किंवा झोपेत स्वप्नाबरोबर ओरडणे व हातपाय झाडणे, अशी चिन्हे असू शकतात. यांपैकी एखादे चिन्ह म्हणजे रोग नव्हे. मात्र दोन-तीन चिन्हे एकत्र आल्यास तपासणी करून घ्यावी.

दुर्दैव असे की, घरची माणसे याचा निराळाच अर्थ लावतात. मंदपणाला वय म्हणतात, भावहीन चेहऱ्याला राग म्हणतात, हळू बोलण्याला तुटकपणा. आखडलेल्या खांद्यावर महिनोन् महिने शेक व मालिश चालते. उपचाराने सुसह्य झाली असती अशी वर्षे त्यात निघून जातात. शिवाय, चक्कर व उलटी यांवरील सिनारिझिन, मेटोक्लोप्रामाइड यांसारखी औषधे दीर्घकाळ घेतल्यानेही अशीच मंदता येऊ शकते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सर्व औषधे बरोबर न्यावीत. येथे गोव्यात जवळच्या आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवता येते.

हा विकार समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. परंतु लेव्होडोपामुळे हालचाली पुष्कळ सुधारतात. आपल्या रानात वाढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत हे द्रव्य असल्याचे दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ साली दाखवले होते. तरीही बियांचे चूर्ण मनाने घेऊ नये, कारण त्यातील मात्रा निश्चित नसते. गोळीची वेळ काटेकोरपणे पाळावी. प्रथिनयुक्त आहाराबरोबर ती नीट शोषली जात नाही, म्हणून जेवण व गोळी यांत किती अंतर ठेवावे हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. औषध एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. नियमित व्यायामाचे मोल औषधाइतकेच आहे. चालताना दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, तेव्हा रुग्णाला ओढू नये. एक-दोन असा ताल द्यावा किंवा पुढे आखलेल्या रेषेवर पाऊल टाकण्यास सांगावे.

आता खिडकीपलीकडे बसणाऱ्या कर्मचारी बंधुभगिनींसाठी दोन शब्द. निवृत्त माणसाची सही नमुन्याशी जुळत नाही, ती लहान व वाकडी येते, म्हणून त्याला परत पाठवले जाते. ती सही खोटी नसते, आजारी असते. सही करणे अशक्य असलेल्या खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमक्ष घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे. त्यांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील २१ प्रकारांत पार्किन्सनचा समावेश आहे. अपंगत्व ४० टक्के वा अधिक असल्याचे प्रमाणित झाल्यास त्यानुसार सवलतींसाठी अर्ज करता येतो. पुष्कळ कुटुंबांना याची माहितीच नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात या विकाराचे ८५ लाखांहून अधिक रुग्ण होते. आपल्यापैकी अनेकांच्या शेजारी, नात्यात असे कोणी असेल. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांच्या चालण्याकडे आणि अक्षराकडे एकदा निरखून पाहावे. शंका आली तर "वय झाले" असे म्हणून स्वस्थ बसू नये. त्यांना डॉक्टरांकडे न्यावे आणि तोवर त्यांच्या गतीने चालावे.